काम आहे, इथे नाही

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

खारघरच्या क्लिनिकवाल्यांचा आज फोन आला. त्यांच्या सात शाखा आहेत आणि सातही शाखांचे दात गेली काही वर्षं आपणच करून देतो. पुढच्या महिन्यापासून ते स्वतःची लॅब काढतायत. बोलणारा मुलगा फार गोड बोलत होता. क्वालिटीचा काहीच प्रॉब्लेम नव्हता, असं पुन्हा पुन्हा म्हणाला. मग प्रॉब्लेम कसला होता, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बँकेने दिलेली ही डायरी टेबलावर कोरीच पडली होती. बोलायला कोणी नाही, म्हणून आज उघडली.

निम्म्याहून जास्त काम गेलं. खांदा कॉलनीतले हे दोन गाळे, आणि दाताच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून द्यायच्या, एवढाच आपला धंदा. ह्यांनी तो उभा केला तेव्हा अकरा माणसं होती. हे असेपर्यंत मी फक्त बिलं बघायचे. ते गेल्यापासून सगळंच बघते. आता माणसं तीन. प्रितेश धातूचं आणि सिरॅमिकचं काम करतो, दिपिका कॉम्प्युटरवर दात डिझाइन करते, मालू कवळ्या करते. उरलेल्या कामातून दोघांचे पगार निघतील. तिघांचे नाही.

१५ फेब्रुवारी

मालूच.

दुसरं कोणतंही नाव घेऊन बघितलं तरी धंदा चालत नाही. कवळ्या कमी झाल्यात, लोक इम्प्लांट करून घेतात. कॉम्प्युटरशिवाय एकही नवा डॉक्टर काम देत नाही, म्हणून दिपिका हवी. प्रितेशशिवाय भट्टी बंद पडेल.

मालू जवळच्याच ओवे गावची. घरतांची सून. सोळा वर्षांपूर्वी झाडूपोछाला आली होती. तिचा हात बघून ह्यांनी तिला मेणात दात बसवायला शिकवलं, मग डेंटल मेकॅनिकचा कोर्स करायला लावला. हे हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा लॅब तिनेच चालवली. डॉक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून तीच सांभाळते, मला त्यातलं काही कळत नाही.

अकाउंटंटना विचारलं. ते म्हणाले, राजीनामा लिहून घ्या, वैयक्तिक कारणास्तव. वर एक पगार बक्षीस द्या. सगळे असंच करतात, आणि माणूसही दुखावत नाही.

हे मला पटलं. मालूलाही कमीपणा नको.

१९ फेब्रुवारी

राजीनामा मीच टाइप केला होता. दुपारच्या चहानंतर मालूला आत बोलावलं, कागद पुढे ठेवला आणि सही कर म्हटलं. तिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे फिरवून ठेवला.

"मी नोकरी सोडत नाय, वहिनी. तुमी काढताय. काढायचं तर तसं लिवा."

मी म्हटलं, अगं, हे फक्त कागदापुरतं आहे.

"मंग कागदापुरतं तरी खरं लिवा."

आणि बाहेर जाऊन मेण तापवायला लागली. घरी जाताना रोजच्यासारखंच "येते वहिनी" म्हणाली.

मला रागच आला. तिच्याच भल्यासाठी चाललं होतं. इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं, तर माणसाने एवढं समजून घ्यायला हरकत नव्हती.

२२ फेब्रुवारी

माझ्या भाचीची मैत्रीण मिताली जुन्या पनवेलला कोर्टाजवळ वकिली करते. कामगारांच्या केसेस घेते. तिच्याकडे गेले. वाटलं होतं, सही कशी मिळवायची ते सांगेल. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "काकू, आधी तो राजीनामा फाडा."

तिने तो माझ्याकडूनच फाडून घेतला.

मग सांगायला लागली. काम कमी झालं म्हणून माणूस कमी करता येतो, त्याला मनाई नाही. पण ज्याची नोकरी वर्षाच्या वर झाली आहे त्याला कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची, नाहीतर त्या महिन्याचा पगार. प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून, आणि तो काढण्याच्या वेळीच, नंतर सवडीने नाही. सरकारच्या कामगार खात्याला कळवायचं. ज्येष्ठतेची यादी आधी आठवडाभर भिंतीवर लावायची. यातलं काही चुकलं तर काढणंच रद्द होऊ शकतं, म्हणजे माणूस परत कामावर आणि मधल्या काळाचा पगारही डोक्यावर.

मी म्हटलं, हे तळोज्याच्या मोठ्या कंपन्यांसाठी असेल, आमची तीन माणसं. ती म्हणाली, तीन असोत की तीस, नोटीस आणि भरपाई सगळ्यांना. ग्रॅच्युइटी लहान ठिकाणी लागू नसते. पण ह्यांच्या वेळी दहाच्या वर माणसं होती, एकदा लागू झाली की सुटत नाही.

सगळ्यात शेवटी तिने हजेरीपट मागितला. तिघांच्याही नावापुढे 'तंत्रज्ञ' एवढंच लिहिलेलं होतं. ती म्हणाली, मग तिघं एकाच वर्गातले. एका वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. म्हणजे दिपिका. तिला ठेवून मालूला काढायचं असेल तर तसं का, ते लिहून ठेवावं लागेल.

म्हटलं, कारण सरळ आहे, मालूला कॉम्प्युटर येत नाही.

"तिला शिकायचं का, असं कधी विचारलंत?"

मालूचा तो पिंडच नाही, असं मी सांगितलं. मिताली म्हणाली, तरी विचारा.

२४ फेब्रुवारी

विचारलं. महिनाभर दिपिकाच्या शेजारी बसून शीक म्हटलं. मालूने सरळ विचारलं, मी शिकले तर कोण जाणार? मी म्हटलं, मग यादीप्रमाणे दिपिका, ती शेवटची.

मालूने काचेपलीकडे बघितलं. दिपिका स्क्रीनला नाक लावून बसली होती. नवऱ्याची नोकरी दिवाळीतच गेली तिच्या.

"नको," मालू म्हणाली. "मला कवळी येते, मी कवळीच करीन."

संधी देऊनही नाही म्हणाली, यात माझा काय दोष? मितालीच्या सांगण्यावरून तसं लिहून मागितलं, मालूने लगेच दोन ओळी लिहून दिल्या. मनावरचं दडपण उतरलं. तिचा पिंड नाही हे मी आधीच सांगत होते.

२ मार्च, शनिवार

यादी लावली. वर मालू, मग प्रितेश, खाली दिपिका. नुसती तीन नावं आणि तारखा, पण दिवसभर कोणी धड जेवलं नाही. शेवटी आला तो आधी जातो, हे दिपिकाला कुठून तरी कळलं होतं, ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मालूच तिला बाहेर घेऊन आली आणि काहीतरी बोलली. नंतर दिपिका मालूकडे वर मान करून बघेना.

प्रितेशने यादीचा फोटो काढला.

११ मार्च

नोटीस दिली. मितालीने मसुदा केला होता, मी तो मालूला वाचून दाखवला. माझा आवाज ठीक होता. कारणांमध्ये लिहिलं होतं, 'कवळीच्या कामाची गरज उरलेली नाही.' तिथे तिने थांबवलं.

"काम हाय. हितं नाय," ती म्हणाली. "'या लॅबमध्ये' असं घाला, मंग सही करते."

माणसाला अखेरीस मान हवा असतो, हे मला कळतं. मितालीला फोन केला. ती म्हणाली, घाला, उलट जास्त अचूक आहे. दोन शब्द घालून परत छापलं. मालूने एक प्रत नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. दुसरी प्रत कामगार खात्याला पाठवली.

मला वाटलं होतं रडेल. नाही रडली. मी वाचताना समोरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

२८ मार्च

धुळवडीनंतर लॅब आवरायला काढली. कवळीची जुनी प्रेस, पितळी साचे, जबडा बसवायच्या चौकटी, सगळं प्रितेश भंगारात द्यायला निघाला होता. मालूने मला विचारलं, भंगारवाला देईल तेवढे मी देते, मला घेऊ द्या. मी म्हटलं, पैसे कसले घेऊ तुझ्याकडून, ने आठवण म्हणून. तरी बिल करा म्हणाली. मग नावाला एक बिल केलं.

संध्याकाळी तिचा भाऊ निकेश टेम्पो घेऊन आला. प्रेस चढवायला चार माणसं लागली. एवढी जड आठवण घरात कुठे ठेवणार आहे, देव जाणे. पण सोळा वर्षं ज्या वस्तूला हात लावला तिचा लोभ सुटत नाही. ह्यांची स्कूटर मी अजून विकलेली नाही.

४ एप्रिल

हल्ली मालू फोनवर फार असते. आमची कवळीची अ‍ॅक्रिलिक पावडर मुंबईत कुठून येते तेही विचारत होती. बहुतेक निरोपाचं सगळ्यांना सांगत असेल. तिच्या जागी मी असते तर मलाही फोनवर बोलावंसं वाटलं असतं.

१२ एप्रिल, शुक्रवार

मालूचा शेवटचा दिवस. मिताली बजावून बजावून सांगत होती, भरपाई आजच्या आज. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. चेक तयार होते, पावत्या तयार होत्या, अनुभवाचं प्रमाणपत्र तयार होतं. एकही कागद राहिला नाही याचं मला समाधान वाटत होतं.

प्रितेशने समोसे आणले. दिपिकाने मालूला साडी दिली आणि तिच्या गळ्यात पडली. मी भाषण करायचं ठरवलं होतं, पण एका डॉक्टरांचा फोन आला आणि राहून गेलं.

मालू जाताना आत आली. दार लोटून घेतलं.

"वहिनी, कागद सगळे बरोबर हायत. माझी काय तक्रार नाय. पण तुमी तोंडानं एकदापण नाय सांगितलं."

मी म्हटलं, अगं, मी नोटीस स्वतः वाचून नाही का दाखवली?

तिने पर्स खांद्याला लावली. "व्हय, वाचलीत," म्हणाली आणि गेली.

यावर अजून काय करायला हवं होतं, मला खरंच कळत नाही. मितालीच्या सांगण्यातलं मी एकही सोडलेलं नाही.

२० मे

जुन्या पनवेलच्या दोन डॉक्टरांनी मालूचा नंबर मागितला. ग्रुपवर होताच, पण तो ग्रुप आता बंद आहे. दिला. घरच्या कोणाची कवळी बिघडली असेल, सवयीच्या माणसाला विचारावंसं वाटतं.

१८ जून

महिनाभरात कवळीचं एकही माप आलं नाही. निर्णय बरोबर होता, कवळीचा धंदा संपलाच. दोघांचे पगार मात्र वेळेवर निघतायत.

८ जुलै

आणि आज हे. उरणकडच्या एका ट्रस्टचं म्हाताऱ्या माणसांसाठी दातांचं शिबिर आहे. ह्यांच्या ओळखीवर काम आपल्याला दिलंय. साठ कवळ्या, गणपतीनंतर द्यायच्या. नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

प्रितेशचा एक मित्र आहे, मिथुन, कळंबोलीला. कवळी येते म्हणे. उद्यापासून ये म्हणणार होते, पण आता सवय लागली आहे म्हणून मितालीला फोन केला. ती म्हणाली, नवीन माणूस घेण्याआधी काढलेल्याला बोलावणं पाठवायचं, रजिस्टर्ड पत्राने, आणि भिंतीवरही लावायचं. तिला हवं असेल तर पहिला हक्क तिचा.

मला वाटतं कायद्यातलं हे एकच कलम मला मनापासून आवडलं. पत्र आजच टाकलं.

२२ जुलै

पोचपावती आली आहे. कमळाबाईंची सही आहे, म्हणजे मालूच्या सासूबाईंची. उत्तर नाही. फोन लावला तर बिझी. रुसली असेल. स्वतः जाऊन घेऊन येईन.

२६ जुलै

ओव्याला गेले होते.

त्यांच्या घराला लागून भाड्याची खोली होती, तिचं दार उघडं होतं. आत आमची प्रेस, सिमेंटच्या ओट्यावर पक्की बसवलेली. साचे ओळीने लावलेले. फळीवर पाकिटं, त्यांवर डॉक्टरांची नावं. एक एक वाचत गेले. जुन्या पनवेलचे दोघं. खांदा कॉलनीतले चौघं. ज्यांचा कवळीचा धंदा संपला होता ते सगळे. एक मुलगी कवळी घासत बसली होती. शकू नाव, मालूच्या नणंदेची.

मालू हात पुसत आली. मी एवढंच म्हटलं, "हे माझे डॉक्टर आहेत."

"तुमच्याकडं काम नव्हतं, वहिनी. डाक्टरांकडं व्हतं."

ती काही लपवत नव्हती. आवाज चढलेला नव्हता. सासूबाईंना चहा टाकायला सांगत होती. मी थांबले नाही.

२७ जुलै

मितालीला विचारलं, केस करता येईल का. ती म्हणाली, कसली? बाहेर काम करायचं नाही अशी अट घातली होती का? नव्हती. घातली असती तरी नोकरी संपल्यावर टिकली नसती. यंत्रं चोरली का? बिल आहे, मीच केलेलं. ती आलीच पाहिजे असं आहे का? नाही. बोलावण्याचं बंधन माझ्यावर, येण्याचं तिच्यावर नाही.

मग हसली आणि म्हणाली, नोटिशीत ते दोन शब्द तिने उगाच घालून घेतले नव्हते, काकू.

मी फोन ठेवला. मार्चपासूनची पानं परत वाचली. निकेशचा टेम्पो, पावडरची चौकशी, डॉक्टरांचे नंबर. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे.

३० जुलै

मालूचं उत्तर निकेश देऊन गेला. कागद दोन. एकात, नोकरीच्या बोलावण्याबद्दल आभार, परंतु स्वीकारता येत नाही. दुसऱ्यात, साठ कवळ्या ठेक्याने करून देऊ शकते, दर आणि मुदत अशी अशी. खाली 'मालू घरत, कवळी वर्क्स, ओवे'.

मिथुनला बोलावून एक नमुना करून घेतला. प्रितेशने तो हातात फिरवून बघितला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मालूताईकडेच द्या. म्हातारी माणसं आहेत, टोचेल त्यांना."

२ ऑगस्ट

फोन मीच केला. दरावर थोडं बोलले, ती हलली नाही. बरोबर होता दर. मग म्हटलं, मापं घेऊन मी येते. म्हणाली, निकेशला पाठवते, तुमचा गुडघा दुखतो.

२० ऑगस्ट

तरी आज गेलेच. निम्म्या कवळ्या मेणात बसल्या आहेत. ह्यांच्या हातची वळणं तिच्या हातात आहेत, खालचे पुढचे दात किंचित दाटीने बसवायचे म्हणजे खोटे वाटत नाहीत.

निघताना तिने विचारलं, शकूला पगारावर ठेवली आहे, तर कागद काय काय करायचे? मी बसले परत. नेमणुकीचं पत्र दे म्हटलं, हजेरीपट ठेव, आणि त्यात नुसतं 'तंत्रज्ञ' लिहू नकोस, कोण काय करतं ते लिही. ती वहीत उतरवून घेत होती. मितालीचा नंबरही दिला. शकू तोंडाला मास्क लावून सगळं ऐकत होती.

२२ सप्टेंबर, रविवार

शिबिर झालं. गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये सकाळपासून म्हाताऱ्यांची रांग. मालू आणि मी एकाच टेम्पोतून गेलो, खोके मांडीवर घेऊन. डॉक्टर बसवून बघत होते, कुठे लागलं तर मालू तिथेच घासून देत होती. एका आजोबांनी कवळी घातली, आरशात बघितलं आणि बायकोला हाक मारली. बायको ओळख नसल्यासारखी बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. त्यानंतर रांगेतले सगळेच आरसा मागायला लागले.

साठांतल्या तीनच परत घ्याव्या लागल्या.

चार वाजता शिबिराचे मुख्य डॉक्टर आमच्या टेबलाशी आले. पुढच्या वर्षी ट्रस्टला पेण आणि अलिबागकडेही शिबिरं घ्यायची आहेत. कवळी हातात धरून त्यांनी मला विचारलं, "कुठली लॅब तुमची, मॅडम?"

मालू खोके बांधत होती. तिने वर बघितलं नाही. कराराप्रमाणे माल माझा, नाव माझं, ती काही बोलणार नव्हती. मी फक्त खांदा कॉलनी म्हटलं असतं की झालं असतं.

मी म्हटलं, "ओवे. ह्या मालू घरत, कवळ्या यांनी केल्यात. मी फक्त ऑर्डर घेतली."

डॉक्टरांनी तिचा नंबर मागितला. कवळ्या घासून तिचे हात भुकटीने भरलेले होते, म्हणून मीच सांगितला, पाठ आहे मला. त्यांनी मोबाइलमध्ये घालून घेतला.

पुढच्या वर्षीचं काम आता सरळ तिच्याकडे जाईल. टेम्पोत मालूने रिकामे खोके एकात एक बसवले. मग म्हणाली, "कॅप आणि ब्रिज आमी करत नाय. ते तुमच्याकडं धाडीन." मी बरं म्हटलं.

मितालीला आधी विचारायला हवं होतं का, असं घरी आल्यावर वाटलं. पण हे कुठल्या कलमात बसत असेल असं वाटत नाही.